अपघात कुणी पाहिला, आणि पगार कोण सांगणार?

रस्त्यावर अपघात झाला, घरातलं माणूस जबर जखमी झालं, की हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच नातेवाइकांची चौकशी सुरू होते : "कुणी बघितलं का?" बघणारा सापडला की दावा निम्मा जिंकल्यासारखं वाटतं. नाही सापडला की वकिलाकडे जाण्याआधीच घरचे हाय खातात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रत्यक्षात काय घडतं, ते याहून वेगळं आहे. प्रत्यक्षदर्शी असला तर उत्तमच. पण तो नाही म्हणून दावा सहसा बुडत नाही. रक्कम बुडते ती भलत्याच माणसांच्या गैरहजेरीने : दाखला देऊन मोकळा झालेला आणि साक्षीला न आलेला डॉक्टर, पगाराचं पत्र द्यायला टाळाटाळ करणारा मालक, बिलांचा गठ्ठा खरा आहे हे सांगायला कुणालाही न पाठवणारं हॉस्पिटल. अपघात कसा झाला यावर सगळा जोर खर्च होतो आणि नुकसान किती झालं हे सिद्ध करायचं राहून जातं.

एक अपघात, दोन प्रकरणं

एकाच धडकेतून दोन प्रकरणं निघतात. पहिलं फौजदारी. पोलीस चालकावर गुन्हा दाखल करतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली होतो, त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या २७९, ३३७, ३३८ खाली होत असे. तिथे चालकाचा दोष वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

दुसरं प्रकरण भरपाईचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी माणूस अर्ज करतो. न्यायाधिकरणावर बहुधा जिल्हा न्यायाधीशच सदस्य म्हणून बसतात. इथलं मोजमाप सौम्य आहे : दोन्ही बाजूंचा पुरावा पाहता कोणती हकिगत अधिक संभवनीय वाटते, एवढंच बघायचं. बिमला देवी प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. अमुक बसने अमुक ठिकाणी नेमका कसा अपघात केला याचा काटेकोर पुरावा प्रत्येक अर्जदाराला देता येईलच असं नाही. म्हणूनच चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये एन.के.व्ही. ब्रदर्सच्या निकालात हेच बजावलं होतं.

साक्षीदाराच्या दृष्टीने मात्र यात एक कटकट आहे. त्याला एकाच गोष्टीसाठी दोनदा बोलावणं येतं, आणि त्याआधी पोलिसांनी जबाब घेतलेला असतोच. तीन ठिकाणी तीन तऱ्हेने सांगितलं, की विमा कंपनीच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं.

चालकाची चूक दाखवायचीच नसेल तर कलम १६४ चा मार्ग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तो आला. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे न विचारता. पण रक्कम तिथेच थांबते. पाय गमावलेल्या तरुण ड्रायव्हरला अडीच लाखांत उरलेलं आयुष्य काढता येत नाही, म्हणून बहुतेकांना कलम १६६ चाच रस्ता धरावा लागतो आणि त्याबरोबर साक्षीदार शोधणं आलं.

प्रत्यक्षदर्शी : काय बघितलं आणि काय नाही

साक्षीची पद्धत बाहेरच्या माणसाला माहीत नसते. सरतपासणी हल्ली बहुतेक वेळा शपथपत्रावर होते. वकील मजकूर टाइप करून आणतो, साक्षीदार सही करतो, आणि शपथ घेऊन "मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे" असं म्हणतो. खरी परीक्षा त्यानंतरची, उलटतपासणीची.

घोळ त्या शपथपत्रातच होतो. "सदर टेम्पोचालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून अर्जदाराच्या मोटारसायकलीस जोराची ठोस दिली" असं छापील वाक्य नाक्यावरच्या चहावाल्याच्या नावावर खपवलं जातं. समजा, तो चहावाला आता पिंजऱ्यात उभा आहे.

"धडकेचा आवाज ऐकून तुम्ही मान वर केलीत?"

"हो साहेब."

"त्याआधी काय करत होतात?"

"चहा गाळत होतो."

झालं. टेम्पो भरधाव होता हे त्याने पाहिलेलंच नव्हतं, ही गोष्ट दोन प्रश्नांत बाहेर आली. यापुढे तो काहीही खरं सांगो, संशयाने ऐकलं जाणार. वास्तविक त्याच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं : आवाजानंतर त्याने टेम्पो रस्त्याच्या उजव्या अंगाला आडवा उभा पाहिला, मोटारसायकल डाव्या कडेला मातीत पडलेली पाहिली, क्लीनर उडी मारून पळताना पाहिला, आणि जखमीला रिक्षात घालायला स्वतः हात लावला. एवढं सरळ शब्दांत लिहिलं असतं, तर भरधाव वेगाच्या त्या ठोकळेबाज वाक्याहून ते कितीतरी भारी पडलं असतं. वेगाबाबतही तसंच. "ऐंशीचा स्पीड होता" म्हणणाऱ्याला लगेच विचारलं जातं, ऐंशी कशावरून मोजलात? "गाडी जोरात आली, मला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही" असं सांगणाऱ्याला पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

उलटतपासणीच्या शेवटी वकील आपलं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवतो, साक्षीदार नाकारतो, आणि साक्षीत नोंद होते : "हे म्हणणे खरे नाही की, मी अर्जदाराचा मित्र असल्याने खोटी साक्ष देत आहे." नवखा साक्षीदार इथे चिडतो. चिडण्याचं कारण नाही. समोरच्या वकिलाला आपली बाजू मांडून ठेवावीच लागते. "खरं नाही" एवढं म्हणून गप्प राहावं.

मागे बसलेली बायको, शेजारी बसलेला भाऊ हे नात्यातले असले म्हणून त्यांची साक्ष बाद होत नाही. त्याच अपघातात स्वतः जखमी झालेला माणूस तिथे होता याबद्दल वाद घालणंच अवघड असतं. अमुक इतके साक्षीदार हवेत अशीही कायद्याची अट नाही. एकाच्या साक्षीवर विश्वास बसला तर एक पुरतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत अर्जदारांच्या फार कामाचे आहेत. सुनीता विरुद्ध राजस्थान राज्य परिवहन महामंडळ (२०१९) या प्रकरणात मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला साक्षीला आणलं नव्हतं, आणि ज्याला आणलं त्याचं नाव फौजदारी खटल्याच्या साक्षीदार यादीत नव्हतं. न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. जो पुरावा आहे तो तपासा. अनिता शर्मा प्रकरणात (२०२०) उच्च न्यायालयाने साक्षीदारावर अविश्वास दाखवला होता, कारण त्याने जखमीला हॉस्पिटलात नेलं पण पोलिसांत फिर्याद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क उलटवला. जीव वाचवायला धावलेला माणूस आधी पोलीस ठाण्यात जाईल ही अपेक्षाच चुकीची होती, आणि समोरच्यांनी त्या साक्षीदाराला धड उलट प्रश्नही विचारले नव्हते.

कुणीच पाहिलं नसेल तर

रात्री दोन वाजता महामार्गावर बघणारा कोण असणार? अशा वेळी वस्तू बोलतात. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी हा १९७७ चा निकाल आजही रोज दाखवला जातो. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली मोटार रस्त्याच्या पार उजव्या कडेला जाऊन झाडावर आदळली होती. झाड उखडलं, इंजिन जागेवरून मागे सरकलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना शेतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नीट चालवलेली मोटार अशी झाडावर जात नाही. असं का घडलं याचा खुलासा आता मोटारवाल्यांनी करायचा. तो झाला नाही आणि दावा मान्य झाला.

म्हणून घटनास्थळाचा पंचनामा जपून वाचावा. टायरच्या खुणा, काचांचे तुकडे कुठे पडले, रस्त्याची रुंदी, वाहनं कोणत्या कडेला होती, हे सगळं त्यात असतं. निदान असायला हवं. पुष्कळ पंचनामे टेबलावर बसून लिहिल्यासारखे असतात आणि पंच म्हणून ठाण्याजवळच्या टपरीवरचीच माणसं दिसतात. दुसरा धोका असा की वाहनं जिथे थांबली त्यावरून चूक ठरवली जाते. धडकेनंतर गाडी फिरते, फरपटत जाते. जिजू कुरुविला प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या पंचनाम्यातल्या जागेवरून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढता येत नाही.

सीसीटीव्हीचं चित्रण हा हल्लीचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. पण त्याला वेळेत गाठावं लागतं. पेट्रोल पंपाच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यात जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. शिवाय पेन ड्राइव्ह हजर केला की काम झालं असंही नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्की केली ती जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात. आता ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

डॉक्टर : सर्वांत महागात पडणारी गैरहजेरी

जखमीच्या दाव्यात रकमेचा मोठा भाग कायमच्या अपंगत्वावर ठरतो. अर्जदार सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आणतो, त्यावर "४५ टक्के" असं लिहिलेलं असतं, आणि त्याला वाटतं की कमाईच्या ४५ टक्के धरून भरपाई मिळेल. तसं होत नाही.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा २०१० चा निकाल इथला पाया आहे. त्यात न्यायालयाने तीन वेगळ्या गोष्टी सुट्या केल्या. पायाचं अपंगत्व ४५ टक्के असेल, तर ते पायाचं. सबंध शरीराचं त्याहून कमी भरेल. आणि कमाईची क्षमता किती गेली, हा तिसराच प्रश्न. निकालातलंच उदाहरण घ्या. डावा हात तुटलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. हात तोच, दुखापत तीच, रक्कम मात्र वेगळी.

यात डॉक्टरचं काम कुठवर? शरीराला काय झालं, ते कायमचं आहे का, आणि त्यामुळे माणसाला काय करता येणार नाही, इथवर. कमाई किती टक्के बुडाली हे डॉक्टरने सांगायचं नाही, ते न्यायाधिकरण ठरवतं. आणि न्यायालयाने हेही म्हटलं आहे, की डॉक्टरने पिंजऱ्यात येऊन दाखल्याला दुजोरा दिल्याशिवाय, त्याची उलटतपासणी झाल्याशिवाय, नुसता दाखला पुरावा म्हणून धरू नये. शक्यतो उपचार केलेलाच डॉक्टर हवा. ज्याने रुग्णाला एकदाच, दाखल्यापुरतं पाहिलं, त्याला पहिलाच प्रश्न येतो : "ऑपरेशन कुणी केलं? तुम्ही केसपेपर पाहिलेत का?"

डॉक्टर साक्षीला का येत नाहीत, हे उघड आहे. ओपीडी सोडून दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात यायचं, अर्धा दिवस बाकावर बसायचं, आणि शेवटी कळायचं की आज साहेब रजेवर आहेत. डॉक्टरांना दोष देण्याआधी हे लक्षात घेतलं पाहिजे. राजकुमारच्या निकालाने उपायही सुचवले आहेत : डॉक्टरची साक्ष ठरल्या वेळी घ्यावी, कमिशनर नेमून हॉस्पिटलातच नोंदवावी, आणि समोरच्याची हरकत नसेल तर कागद थेट निशाणी देऊन वाचावेत. माझ्या मते हे अर्ज वकिलांनी सवयीने करायला हवेत. प्रत्यक्षात ते केले जात नाहीत आणि तारखा पडत राहतात.

साक्ष होते तेव्हा डॉक्टरला काय विचारायचं, हेही आधी ठरवावं. "गुडघा ९० अंशांपुढे वाकत नाही" हे वैद्यकीय वाक्य झालं. "म्हणजे याला उकिडवं बसता येणार नाही, शिडी चढता येणार नाही, डोक्यावर घमेलं घेऊन चालता येणार नाही" हे वाक्य गवंड्याच्या हाताखालच्या माणसाचा दावा उभा करतं.

बिलांसाठी डॉक्टर लागतोच असं नाही. हॉस्पिटलच्या हिशेब विभागातला माणूस मूळ पुस्तकासह आला तरी भागतं. मात्र मेडिक्लेममधून पैसे घेतले असतील तर ते लपवू नका. विमा कंपनीचा वकील तेच शोधत असतो.

पगार कोण सांगणार

पगारदाराचं सोपं असतं. कंपनीचा माणूस हजेरीपट आणि पगारपत्रक घेऊन येतो, अपघातानंतर किती महिने रजा, किती बिनपगारी, सगळं सांगतो. नुसतं "यांना दरमहा २५,००० रुपये देत होतो" असं लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र, लिहिणारा आला नाही तर, बहुतेक वेळा बाजूला पडतं. तो आला आणि त्याच्याकडे ना हजेरीपट ना बँकेची नोंद, तरी तेच.

शेतकऱ्याला सातबारा, साखर कारखान्याच्या उसाच्या पावत्या, बाजार समितीच्या पट्ट्या. पण जमीन तर तिथेच आहे, उत्पन्न बुडालं कसं, हा प्रश्न हमखास येतो. तिथे शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष कामी येते : पूर्वी हा स्वतः नांगरत होता, आता मजूर लावतो, मजुरीचा दर अमुक.

हातावर पोट असलेल्यांसाठी सय्यद सादिक (२०१४) हा निकाल आहे. अर्जदार भाजीविक्रेता, अपघातात पाय गेला. त्याने महिन्याला १०,००० रुपये कमाई सांगितली, उच्च न्यायालयाने ३,५०० धरली. सर्वोच्च न्यायालयाने ६,५०० धरली आणि म्हटलं, भाजी विकणाऱ्याने कागदोपत्री पुरावा आणावा अशी अपेक्षा ठेवू नये. कमाईच्या क्षमतेची हानीही ८५ टक्के धरली. तरीही अशा माणसाने निदान एक साक्षीदार आणावा, रोज माल देणारा घाऊक व्यापारी किंवा शेजारचा गाळेवाला. अंदाजाने धरलेली रक्कम आणि कुणीतरी शपथेवर सांगितलेली रक्कम यांत फरक पडतोच.

जखमी माणूस स्वतः

स्वतःच्या दाव्यातला मुख्य साक्षीदार अर्जदारच. त्रास वाढवून सांगण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त होतो. "मला अजिबात चालता येत नाही" असं शपथपत्रात, आणि "आज कोर्टात कसे आलात?" याचं उत्तर "मित्राच्या गाडीवर मागे बसून, पुढे जिना चढून". एका वाक्याने खऱ्या दुखापतीवरही शंका आली. चालता येतं पण अर्ध्या तासात पाय सुजतो, हे खरं असेल तर तेच लिहावं.

हेल्मेट, लायसन्स, तिघं बसलेले का, हे प्रश्न ठरलेले. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मोटारसायकलवर तिघं होते एवढ्यावरून त्यांचा दोष धरता येत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. तेव्हा खोटं बोलण्याची गरज नाही.

समोरच्या बाजूचे

चालक पिंजऱ्यात आलाच नाही तर न्यायाधिकरण त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. मालक-चालक पुष्कळदा फिरकत नाहीत. विमा असल्यामुळे त्यांना फिकीर नसते. मग कलम १७० खाली परवानगी घेऊन विमा कंपनी सगळ्याच मुद्द्यांवर लढते. तिचा नेहमीचा साक्षीदार म्हणजे आरटीओतला कारकून, चालकाच्या लायसन्सच्या नोंदी घेऊन आलेला.

मदतीला धावलेला माणूस

साक्षीला लोक घाबरतात आणि त्याआधी मदतीलाच घाबरतात. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीतल्या चुकीबद्दल दावा किंवा खटला होत नाही. नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. तो कबूल झाला तर त्याचा जबाब त्याच्या सोयीने, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी, आणि पोलिसांनी साध्या वेशात जाऊन घ्यायचा. हे नियम हॉस्पिटलांतल्या फलकांवर असायला हवेत. किती जणांनी असा फलक थांबून वाचला असेल?

उभे केलेले साक्षीदार

पैसे देऊन साक्षीदार उभा करून देणारी माणसं कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांच्यापासून लांब राहावं, नीतीसाठी तर आहेच, पण व्यवहारासाठीही. तोच इसम तीन प्रकरणांत अपघाताच्या जागी हजर असल्याचं विमा कंपनीच्या तपासनिसाला सापडतं आणि खरा दावाही मातीत जातो. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांचं पेव इतकं फुटलं, की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्यक्षदर्शी नसतानाही दावा चालतो, मग हा उद्योग कशासाठी?

पहिल्या काही आठवड्यांत

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तपासी अंमलदाराला भेटून साक्षीदारांची नावं त्यात आली की नाही ते पाहून घ्यावं. त्याच तारखेपासून दावा सहा महिन्यांत दाखल करण्याचीही अट आहे, तेव्हा पेशंट बरा होऊ दे मग बघू, असं म्हणत बसू नये.

बरेच दावे शेवटी लोकअदालतीत तडजोडीने मिटतात आणि तिथे साक्ष होत नाही. पण तिथला आकडाही विमा कंपनी समोरची फाइल पाहूनच बोलते. डॉक्टरचं शपथपत्र आणि मालकाचा हजेरीपट फाइलमध्ये असेल, तर बोलणी वरच्या आकड्यावरून सुरू होतात.

आणि साक्षीदाराचे पत्ते दोन घ्या, एक राहता, एक गावाकडचा. फोन नंबरही दोन, एक त्याचा आणि एक घरच्या कुणाचा. दावा काही वर्षं चालू शकतो. बांधकामावरचा मजूर तोवर तीन साइट बदलतो आणि समन्स "सदर इसम पत्त्यावर राहत नाही" असा बेलिफाचा शेरा घेऊन परत येतं. तो हजर राहिला तर त्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी न्यायाधिकरणाकडे भत्ता म्हणून मागता येते. तसा अर्ज त्याच दिवशी द्यावा.